व्होल्ट न् अँपिअर मोजा, ओहम आणि वॅट काढा: घरच्या रॉडपासून विहिरीवरच्या मोटरीपर्यंत

आपल्याकडं मोटर पाणी कमी फेकायली की पहिला संशय मोटरीवरच. मग चेन पुली लावून ती बोअरमधून काढा, टेम्पोत घाला, लातूर नाहीतर परभणीला रिवाइंडिंगवाल्याकडं न्या, चार दिवस थांबा, परत सोडा आणि पुन्हा तेच रडगाणं, कारण दोष मोटरीत नव्हताच, वायरीत होता नाहीतर एखाद्या जॉईंटमधी होता. दोष नक्की कुठं, ते फक्त दोन आकडे मोजून अर्ध्या तासात कळतं. एक व्होल्ट (विजेचा दाब), दुसरा अँपिअर (वाहणारा करंट). बाकी सगळं मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर.

नववीच्या विज्ञानात ओहमचा नियम येतो, विभवांतर, विद्युतधारा, रोध वगैरे. पाठ केला, मार्क मिळाले, विसरलो. जर्मनीतल्या जॉर्ज ओहम नावाच्या शिक्षकानं १८२७ मधी छापलेली ही गोष्ट आहे, आणि आजही डीपीपासून (गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून) मोबाईलच्या चार्जरपर्यंत तिच्यावाचून पान हलत नाही. सूत्रं दोनच लक्षात ठेवा:

व्होल्ट ÷ अँपिअर = ओहम (रोध, म्हणजे करंटला होणारी अडवणूक)
व्होल्ट × अँपिअर = वॅट (किती वीज ओढली जाते)

यातूनच आणखी दोन निघतात आणि कामाला तीच जास्त येतात: अँपिअरचा वर्ग × ओहम = वॅट, आणि व्होल्टचा वर्ग ÷ ओहम = वॅट. हजार वॅट एक तास चालले की एक युनिट. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, पण तो मोटरीच्या शाफ्टवरचा आकडा, लाईनवरून ती त्यापेक्षा जास्त ओढते, याच्यावर पुढं येतो.

आधी मीटरचं बघू

दुकानात जो स्वस्तातला पिवळा मल्टीमीटर मिळतो त्याच्यावर घरचे व्होल्ट बरोबर मोजता येतात, ओहमबी मोजता येतात, पण त्याचं १० अँपिअरचं भोक बहुतेक वेळा फक्त डीसीसाठी असतं, म्हणजे बॅटरी, सोलर प्लेट असल्या गोष्टीसाठी. घरच्या लाईनचा करंट त्याच्यावर मोजायच्या भानगडीत पडू नका. त्यासाठी क्लॅम्प मीटर घ्या, जबडा उघडून वायरीभोवती लावायचा, वायर तोडायची नाही, सोलायची नाही. शेतात मोटर असलेल्या माणसानं तर तो घ्यावाच, एका रिवाइंडिंगच्या खर्चात आरामात बसतो. डीसी करंट पण मोजणारा मिळाला तर थोडा महाग पडंल पण सोलर पंपवाल्यांनी तोच घ्यावा.

हे करू नका, मीटर जातो नाहीतर माणूस जातो:

- ओहमवर काटा ठेवून चालू लाईनीला पिना लावायच्या नाहीत. ओहम मोजायचं ते लाईट बंद करून, वायरी सोडवून.
- लाल पिन अँपिअरच्या भोकात असताना सॉकेटमधी घालायची नाही. ते सरळ शॉर्ट सर्किट आहे, भडका उडतो.
- पायात रबरी चप्पल, हात कोरडे, आणि शेतात एकटं असताना उघड्या पेटीत हात नाही. विहिरीवर चिखल असतो, तिथं तर जास्तच जपून.
- पेटी उघडायची सवय नसंल तर गावातल्या वायरमनला बोलवा, मोजायचं काम त्याला करू द्या, तुम्ही आकडे लिहून घ्या. यात कमीपणा काहीच नाही.

मोजायचं कसं

व्होल्ट मोजायचे ते वस्तू चालू असताना आणि वस्तूपाशीच. लोकं मीटरच्या पेटीपाशी, तेही मोटर बंद असताना मोजतात, २३० दिसतात, आणि म्हणतात व्होल्टेज तर एकदम ओके हाय. बंद मोटरीत करंटच वाहत नाही, मग वायरीत व्होल्ट पडणार कुठून? लोड चढला की खरं चित्र दिसतं.

अँपिअरसाठी क्लॅम्पच्या जबड्यात एकच वायर घ्यायची. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम घेतल्या तर मीटर शून्य दाखवतो, कारण एकीतून जेवढा करंट जातो तेवढाच दुसरीतून परत येतो आणि दोघांचं चुंबकत्व एकमेकाला खाऊन टाकतं. म्हणून मिक्सर, इस्त्री यांच्या गोल केबलीला बाहेरून क्लॅम्प लावून काही मिळत नाही. यावर उपाय म्हणजे एक छोटा एक्स्टेन्शन बोर्ड बनवून घ्या ज्यात तिन्ही वायरी सुट्या असतील, कायमचा कामाला येतो.

फॅनसारखी बारीक वस्तू असंल तर करंट ०.३ च्या आसपास असतो, तिथं क्लॅम्प नीट दाखवत नाही. मग ती एक वायर जबड्यातून दहा वेळा फिरवून घ्या, आकडा दहापट येतो, त्याला दहानं भागा.

पहिलं गणित: पाणी तापवायचा रॉड

सुरुवात रॉडपासून करा कारण त्याच्यात लपवाछपवी नाही, नुसती तापणारी तार. रॉडवर लिहिलंय १५०० वॅट, २३० व्होल्ट. त्याचा रोध किती? २३० चा वर्ग ५२,९००, भागिले १५००, म्हणजे ३५ ओहमच्या थोडं वर.

आता जानेवारीतली सकाळ, गावभर गिझर आणि रॉड चालू, शेतात मोटरी चालू, आणि सॉकेटवर व्होल्ट दिसतायत १९०. क्लॅम्प म्हणतो ५.४ अँपिअर. १९० ÷ ५.४ = ३५.२ ओहम, म्हणजे रॉड ठणठणीत आहे. आणि १९० × ५.४ = १०२६ वॅट. दीड हजाराचा रॉड हजारावर आला! व्होल्ट घसरले १७ टक्के पण वॅट घसरले ३२ टक्के, कारण वॅट व्होल्टच्या वर्गानं कमी होतात. १५ लिटरची बादली २० डिग्रीवरून ४५ वर न्यायला पूर्ण व्होल्टला साडेसतरा मिनिटं लागतात, इथं पंचवीसच्या वर लागतात. बिल मात्र वाढत नाही, युनिट दोन्हीकडं तेवढंच, अर्ध्याच्या थोडं खाली. "रॉड बदला, जुना झाला" म्हणणाऱ्याला हा हिशोब दाखवा.

क्लॅम्प नसंल तरी वॅट काढता येतात, आणि ही युक्ती मला स्वतःला लई आवडते. घरच्या डिजिटल मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि मीटरवरच लिहिलेलं असतं एका युनिटला किती वेळा लुकलुकणार, बऱ्याच मीटरवर ३२०० असतं, तुमच्यावर काय आहे ते वाचा. एका युनिटमधी हजार वॅट × ३६०० सेकंद = ३६,००,००० वॅट-सेकंद असतात, म्हणून ३२०० असंल तर एक लुकलुक म्हणजे ३६,००,००० ÷ ३२०० = ११२५ वॅट-सेकंद. घरातलं बाकी सगळं बंद करा, फक्त रॉड चालू, मोबाईलचं स्टॉपवॉच लावा आणि दहा लुकलुकी मोजा (पहिली लुकलुक शून्य धरायची, नाहीतर एक जास्त मोजली जाते). ११ सेकंद लागले? ११२५ × १० ÷ ११ = १०२३ वॅट. वरच्या १०२६ शी जवळपास जुळलं का नाही. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला म्हणजे आपलं मोजणं बरोबर.

जुना पिवळा बल्ब घेऊन हेच करायला गेलात तर एक गंमत दिसंल. ६० वॅटचा बल्ब गणितानं ८८० ओहमचा निघतो आणि थंड बल्ब मल्टीमीटरवर मोजला तर त्याच्या दहा-पंधरा पट कमी दाखवतो. मीटर खराब नाही. ती तार पांढरीफटक तापल्यावर तिचा रोध वाढतो, गणितातला आकडा तापलेल्या तारेचा आहे. रॉडच्या तारेत हा फरक फार थोडा असतो.

मोटर आणि फॅनला ही सूत्रं जशीच्या तशी लावू नका

मोटरीचे व्होल्ट भागिले अँपिअर केलं तर जो आकडा येतो तो वाइंडिंगचा (आतल्या तारेच्या गुंडाळीचा) रोध नव्हे. फिरणारी मोटर स्वतःच उलटा दाब तयार करते, त्यामुळं वाइंडिंग दोन-चार ओहमचं असलं तरी भागाकार २५-३० येतो. वाइंडिंगचा रोध बघायचा तर लाईट बंद करून वेगळा मोजायचा.

वॅटचंही तसंच. व्होल्ट × अँपिअर केलं की मोटरीत वॅट येत नाहीत, त्याला पॉवर फॅक्टरनं (त्या गुणाकारातला खऱ्या वॅटचा हिस्सा) गुणावं लागतं, मोटरीच्या प्लेटवर ०.८, ०.८५ असं काहीतरी लिहिलेलं असतं. प्लेट गंजून वाचता येत नसंल तर परत तोच लाल दिवा: मीटरपाशी २१५ व्होल्ट, ७ अँपिअर, गुणाकार १५०५. दिव्यावरून वॅट आले १२५०. १२५० ÷ १५०५ = ०.८३, हा झाला पॉवर फॅक्टर.

अजून एक फरक लक्षात ठेवा, यातच निम्म्या मोटरी जळतात. व्होल्ट कमी झाले की रॉड करंट कमी ओढतो. मोटर उलट जास्त ओढते, कारण पाणी वर चढवायचं काम तेवढंच असतं आणि ते काम करायला तिला व्होल्ट कमी पडले की अँपिअर जास्त लागतात. करंट वाढला की वाइंडिंगची उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, ७ चे ९ अँपिअर झाले तर ८१ ÷ ४९, म्हणजे दीडपटीच्या वर. तशात बोअरची पाणीपातळी उन्हाळ्यात खाली गेलेली, मोटर कोरडी चाललेली, मग काय, वास येतोच.

आता खरा मुद्दा, विहिरीपर्यंतची वायर

समजा मीटरची पेटी डीपीपाशी आहे आणि विहीर तिथून २५० मीटर आत. एक एचपीची सिंगल फेज मोटर, २.५ स्क्वेअरची (म्हणजे २.५ चौरस मिलिमीटर जाडीची) तांब्याची वायर. मोटर चालू ठेवा. पेटीपाशी मोजले २१५ व्होल्ट. चालत विहिरीवर जा, तिथं स्टार्टरवर मोजले १८८. लगेच पुन्हा पेटीपाशी येऊन बघा २१५ च आहेत ना, कारण मधल्या वेळात शेजारच्यानं मोटर टाकली असंल तर सगळा हिशोब चुकतो. दोन माणसं, दोन मीटर आणि मोबाईलवर "हां, आता बघ" असं केलं तर सगळ्यात बेस. करंट ७ अँपिअर.

२१५ वजा १८८ म्हणजे २७ व्होल्ट वायरीत गेले.
२७ ÷ ७ = ३.८६ ओहम, हा तुमच्या वायरीचा रोध.
२७ × ७ = १८९ वॅट, एवढी वीज वायर तापवायला चालली.

ठिबकच्या लांब नळीत जसं पहिल्या झाडाला धो धो आणि शेवटच्या झाडाला थेंब, तसंच हे.

आता ३.८६ बरोबर आहे का जास्त, हे कळायला वायरीचा पुस्तकी आकडा लागतो. तांब्याच्या वायरीचा एक किलोमीटरचा रोध साधारण असा असतो: १.५ स्क्वेअर १२ ते १३ ओहम, २.५ स्क्वेअर साडेसात ते आठ, ४ स्क्वेअर साडेचार ते पाच, ६ स्क्वेअर तीन-सव्वातीन, १० स्क्वेअर दोनच्या थोडा खाली. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीच्या वर, म्हणून १० स्क्वेअर ॲल्युमिनियम साधारण ६ स्क्वेअर तांब्याच्या बरोबरीला येतं. हे आकडे २० डिग्रीचे आहेत, मे महिन्यात काळ्या रानावर पडलेली वायर ६० डिग्रीला गेली तर त्यात १५ टक्के वाढवा.

इथं लोकं हमखास विसरतात ती गोष्ट म्हणजे करंट जातो आणि परतही येतो, म्हणून २५० मीटर अंतर म्हणजे ५०० मीटर वायर. २.५ स्क्वेअरचे अर्धा किलोमीटर म्हणजे ३.७ ते ४ ओहम. मोजून आले ३.८६. म्हणजे वायर चांगली आहे, जॉईंट चांगले आहेत, फक्त वायर बारीक आहे. असं असताना जॉईंट सोलून टेप बदलत बसलात तर दिवस वाया. ६ स्क्वेअर टाकली तर रोध १.६ च्या आसपास, ७ अँपिअरला ११ व्होल्ट पडतील आणि मोटरीला २०० च्या वर मिळतील.

उलट मोजून जर ६ ओहम आले असते तर दोन ओहम कुठंतरी फुकट बसलेत. मग वाटेतला प्रत्येक जॉईंट, कट-आऊट, स्टार्टरची पॉईंटं, किटकॅटचे (फ्यूजच्या खाच्याचे) चिमटे, एकेक करून त्यांच्या दोन्ही बाजूंना पिना लावून व्होल्ट बघा, मोटर चालूच. चांगल्या जॉईंटवर जवळजवळ काही दिसणार नाही. जिथं ४ व्होल्ट दिसले तिथं थांबा: ७ अँपिअरला ते ०.५७ ओहम झाले आणि २८ वॅट. ऐकायला कमी वाटतात, पण सोल्डरिंगची साधी कावी २५ वॅटची असते आणि ती शिसं वितळवते. तेवढी उष्णता नखाएवढ्या जागेत बसली की इन्सुलेशन तपकिरी पडतं, स्क्रू निळसर होतो, पेटी उघडली की जळकट वास येतो. तांबं आणि ॲल्युमिनियम नुसतं पीळ देऊन जोडलेलं असंल तर तिथंच आधी बघा, पावसाळ्यानंतर तो जॉईंट पांढरी भुकटी धरतो.

मोटर घूं घूं करते पण उचलंना, याचं गणितही यातच आहे. सुरू होताना मोटर चौपट-पाचपट करंट मागते. ३० अँपिअर धरले तर ३.८६ ओहमच्या वायरीत ११६ व्होल्ट जातात. २१५ तले निम्मे वाटेतच! प्रत्यक्षात व्होल्ट पडल्यामुळं करंटही थोडा कमी होतो, पण मोटरीला फिरायला पुरेसा जोर मिळत नाही तो नाहीच. अशा वेळी मोठा कंडेन्सर (मोटरीला सुरू व्हायला जोर देणारा डबा) लावून बघणारे लई आहेत, उपयोग झाला तर तात्पुरता.

मोटर बसवायच्या आधीच वायर तपासायची असंल तर ट्रॅक्टरची १२ व्होल्टची बॅटरी घ्या. वायर लाईनीपासून दोन्ही टोकांना सोडवलेली पाहिजे, हे आधी बघा. लांबच्या टोकाला दोन्ही तारा एकमेकीला घट्ट बांधा, अलीकडच्या टोकाला बॅटरी आणि हेडलाईटचा ५५ वॅटचा बल्ब असा एका ओळीत जोडा की करंट बल्बमधून जाऊन वायरीत जाईल. पिवळा मल्टीमीटर इथं चालतो कारण हा डीसी आहे, पण १० अँपिअरच्या भोकातच, आणि दहा-बारा सेकंदात उरका. शंभर मीटर लांब ४ स्क्वेअरच्या जोडीवर ३.४ अँपिअर आणि वायरीच्या दोन तारांमधी ३.३ व्होल्ट असं काहीतरी येईल, भागाकार ०.९७ ओहम, आणि पुस्तकी हिशोबानं ०.९ ते १ यायला पाहिजे. पास. एवढा लहान रोध मल्टीमीटरच्या ओहमवर मोजायला जाऊ नका, त्याच्या पिनांचाच ०.२-०.३ ओहम असतो.

थ्री फेज थोडक्यात

पाच एचपीची मोटर. दोन फेजमधले व्होल्ट मोजा, तिन्ही जोड्यांचे, समजा सरासरी ३८० आली. तिन्ही वायरींचा करंट वेगवेगळा बघा: ९.५, ९.८, ९.२, सरासरी ९.५. सूत्र: १.७३२ × ३८० × ९.५ × पॉवर फॅक्टर ०.८ = साधारण ५००० वॅट. पाच एचपी म्हणजे शाफ्टवर ३७३० वॅट, म्हणजे मोटरीची कार्यक्षमता ७५ टक्क्याच्या आसपास धरा, ठीक आहे. आठ तास लाईट मिळाली तर ४० युनिट.

तीन करंटमधी थोडाफार फरक चालतो. एक १२ आणि बाकी दोन ८ दिसले तर आधी तिन्ही व्होल्ट बघा, व्होल्ट सारखे असून करंट वेगळे असतील तर लाईट बंद करून वाइंडिंगच्या तीन जोड्यांचा रोध मोजा, तिन्ही सारखे यायला पाहिजेत. वाइंडिंग बॉडीला लागलंय का हे मात्र मल्टीमीटरवर खात्रीनं कळत नाही, त्याला मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लागतो. आणि कंडेन्सर लावून दोन फेजवर मोटर चालवत असाल तर वरचं सूत्र तिथं लागूच नाही, १.७३२ धरून काढलेले वॅट खोटे येतील, फक्त प्रत्येक वायरीचा करंट प्लेटवरच्या आकड्याच्या वर जात नाही ना एवढं बघा.

कूलरसाठी तेच सूत्र

एप्रिल-मेमधी आपल्याकडं घरोघरी लोखंडी पत्र्याचा कूलर, आणि दरवर्षी कुणाला ना कुणाला त्याचा शॉक बसल्याची बातमी असतेच. ओल्या हाताचा, ओल्या पायाचा माणूस म्हणजे साधारण हजार ओहम धरा. २३० ÷ १००० = ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलीअँपिअर. जिवाला धोका व्हायला याच्या निम्माही पुरतो. आणि तुमचा १६ अँपिअरचा एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच)? त्याच्या हिशोबानं ०.२३ अँपिअर म्हणजे काहीच नाही, तो पडणारच नाही. म्हणून ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (गळणारा करंट ओळखून लाईट तोडणारा स्विच) वेगळा लागतो, आणि कूलरची तिसरी, हिरवी वायर कापून दोन पिनांचा प्लग बसवलेला असंल तर तो आजच काढून फेका. पाणी भरताना प्लग काढायचा, स्विच बंद करून भागत नाही, कारण स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेली घरं लई बघितलीत.

मोजलेले आकडे स्टार्टरच्या पेटीच्या दाराच्या आतून मार्करनं लिहून ठेवा: तारीख, पेटीपाशी व्होल्ट, विहिरीवर व्होल्ट, अँपिअर, पाण्याची पातळी किती होती. पुढच्या वेळी मोटर नखरे करायली की नवे आकडे घ्या आणि जुन्याशी लावून बघा. पेटीपाशीच व्होल्ट पडले असतील तर प्रश्न लाईनीचा, डीपीवर लोड जास्त झालाय. दोन टोकातला फरक त्याच करंटला वाढला असंल तर वायर नाहीतर जॉईंट. व्होल्ट तेवढेच आणि करंट वाढला असंल तर मग मोटर काढायचं बघा, टेम्पोवाल्याला फोन तेव्हा लावा.